लॅटिन बोधवाक्याचं इंग्रजी करताना

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचं बोधवाक्य तीन लॅटिन शब्दांचं आहे: 'प्रोव्होकान्स आद व्होलांदुम'. कॉलेज 1869 मध्ये जेझुइट धर्मगुरूंनी सुरू केलं. हे शब्द मात्र त्यांच्या मनचे नाहीत. ते बायबलच्या लॅटिन भाषांतरातून, 'अनुवाद' या पुस्तकाच्या 32व्या अध्यायातल्या 11व्या ओवीतून उचललेले आहेत. अशी वाक्यं आपल्याकडे बरीच दिसतात. मिशनरी शाळांच्या बिल्ल्यांवर, चर्चच्या दर्शनी भिंतींवर, जुन्या दफनभूमीतल्या शिळांवर ती असतात. कधी शाळेची स्मरणिका निघते, कधी घराण्याचा इतिहास लिहायला घेतला जातो, कधी पर्यटकांसाठी फलक लावायचा असतो. मग कुणीतरी विचारतं, याचं इंग्रजी काय करायचं? हा लेख त्या कामाला बसणाऱ्यांसाठी आहे. लॅटिन येत नसलं तरी नीट वाट धरली तर हे काम जमतं. वाट चुकली तर लॅटिन येणाराही फसतो.

सगळ्यात आधी, समोरचा मजकूर लॅटिनच आहे ना, हे बघा. गोव्यातल्या आणि वसईतल्या शिळांवर पोर्तुगीज भरपूर आहे, आणि दोन्ही भाषांची लिपी एक असल्याने गोंधळ होतो. शिळेची सुरुवात 'सेपुल्तुरा दे' अशी असेल तर ते पोर्तुगीज, 'अमक्याची कबर'. लॅटिनमध्ये 'दे'सारखा शब्द मध्ये न घालता नावालाच प्रत्यय लागून षष्ठी होते. मग अक्षरं. कोरीव लॅटिनमध्ये यू आणि व्ही ही दोन अक्षरं एकाच खुणेने लिहिलेली असतात, आय आणि जे यांचंही तसंच. क्रुसावरच्या 'आय एन आर आय' या चार अक्षरांतला पहिला आय येशूचा आणि शेवटचा 'यहुद्यांचा' या शब्दाचा आहे, कारण लॅटिनमध्ये दोन्ही शब्द आयने सुरू होतात. शब्दकोशात शोधताना दोन्ही पर्याय टाकून बघावेत. अक्षरांवर छोटी आडवी रेघ असेल तर तिथे एम किंवा एन गाळलेला असण्याची शक्यता मोठी.

चर्चमधलं प्रत्येक लॅटिन वाक्य बायबलमधलं नसतं. 'आद मायोरेम देई ग्लोरियाम' हे जेझुइटांचं ब्रीद सगळीकडे दिसतं, पण बायबलमध्ये ते शोधत बसलात तर दिवस वाया जाईल. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेवरची 'आय एच एस' ही अक्षरं तर मुळात लॅटिनही नाहीत; येशूच्या ग्रीक नावाची ती पहिली तीन अक्षरं आहेत. म्हणून वाक्याचा उगम ठरल्याशिवाय भाषांतराला हात घालू नये.

उगम शोधायला आता फार कष्ट पडत नाहीत. चर्चने शतकानुशतकं वापरलेलं लॅटिन बायबल म्हणजे व्हल्गेट. त्याची 1592 ची, पोप क्लेमेंट आठवे यांच्या काळातली अधिकृत आवृत्ती इंटरनेटवर फुकट वाचता येते. आपल्या वाक्यातले दोन कमी वापरातले शब्द घेऊन तिथे शोध घ्या. पूर्ण वाक्य टाकू नका. बोधवाक्य करणारे मधले शब्द गाळतात, क्रम बदलतात, आणि एखाद्या अक्षराचा फरक असला तरी शोध रिकामा जातो. 'व्होलांदुम' हा एक शब्द टाकला की 'अनुवाद'मधला गरुड सापडायला वेळ लागत नाही.

स्तोत्रांच्या बाबतीत एक अडचण हमखास येते. ऑक्सफर्ड विद्यापीठाचं ब्रीद 'दोमिनुस इल्युमिनात्सिओ मेआ' हे व्हल्गेटच्या 26व्या स्तोत्राच्या सुरुवातीचं आहे. इंग्रजी किंवा मराठी बायबलात 26वं स्तोत्र उघडलंत तर ते तिथे मिळणार नाही, कारण तिथे तेच स्तोत्र 27वं आहे. हिब्रूत 9वं आणि 10वं अशी दोन असलेली स्तोत्रं ग्रीक भाषांतरात एक झाली. लॅटिनने ग्रीकचा क्रम घेतला आणि तिथून पुढे बहुतेक स्तोत्रांत एकाचा फरक पडत गेला. शेवटची तीन स्तोत्रं पुन्हा जुळतात. भाषांतराखाली संदर्भ देताना कुठल्या बायबलचा क्रमांक आहे हे लिहिलं नाही, तर वाचणारा भलत्याच पानावर जाईल.

ओवी सापडली की बहुतेक जण घरातलं इंग्रजी बायबल उघडतात आणि तिथलं वाक्य उतरवून काढतात. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो इथे. झेवियर्सच्या वाक्याचंच बघू. 1611 चं किंग जेम्स बायबल उघडून 'अनुवाद' 32:11 वाचलंत तर तिथे गरुड आपलं घरटं ढवळून हलवतो, पिल्लांवर पंख फडफडवतो. उडायला लावण्याचा शब्दच नाही! मराठी पवित्र शास्त्रातही गरुड कोटं हलवतो. मग कॉलेजच्या वाक्यातलं 'उडणं' आलं कुठून?

ते आलं संत जेरोमकडून. पोप दमासुस यांच्या सांगण्यावरून 382 च्या सुमारास त्यांनी शुभवर्तमानांच्या लॅटिन भाषांतराची दुरुस्ती हाती घेतली. पुढे बेथलेहेमला राहून, साधारण 390 ते 405 या काळात, जुना करार हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला. या ओवीत हिब्रू शब्द घरट्याला जागं करण्याचा, खळबळ उडवण्याचा आहे. जेरोमने घरट्याच्या जागी पिल्लं घेतली आणि पक्षी ही खळबळ कशासाठी करतो ते उघड करून सांगितलं: पिल्लांना उडायला लावण्यासाठी. ही त्याची भर आहे, आणि मला ती मोलाची वाटते. पण ती लॅटिनमध्ये आहे, हिब्रूत नाही. किंग जेम्सच्या मंडळींनी हिब्रूवरून काम केलं, म्हणून त्यांच्याकडे घरटं राहिलं. आपलं मराठी बायबलही हिब्रूच्या अंगाने गेलं. पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी करण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं वेचली.

लॅटिन वाक्याचं भाषांतर करायचं असेल तर लॅटिनवरूनच झालेलं इंग्रजी बायबल जवळ हवं. अशी दोन प्रसिद्ध आहेत. एक डुए-ऱ्हेम्स. इंग्लंडमधून परागंदा झालेल्या कॅथलिक विद्वानांनी ते केलं. नवा करार 1582 मध्ये ऱ्हेम्सला छापला, जुना 1609 आणि 1610 मध्ये डुएला. आज जे मिळतं ते अठराव्या शतकाच्या मध्यावर बिशप चॅलोनर यांनी सुधारलेलं. दुसरं रोनाल्ड नॉक्स यांचं, विसाव्या शतकाच्या मध्यावरचं, ज्याचं इंग्रजी बरंच मोकळं आहे. डुए-ऱ्हेम्समध्ये गरुड आपल्या पिल्लांना उडायला भुलवतो, आणि तिथे क्रियापद 'एन्टाइस' आहे. म्हणजे कॉलेजच्या वाक्याचा इंग्रजी भाऊ इथे भेटतो, किंग जेम्समध्ये नाही.

याचा अर्थ डुए-ऱ्हेम्समधून जसंच्या तसं उचलायचं असाही नाही. भाषांतर आपल्यालाच करायचं आहे. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना इथे फार फायदा होतो, आणि तो त्यांनी जरूर घ्यावा. 'प्रोव्होकान्स' मधला शेवटचा '-न्स' म्हणजे आपला शतृ प्रत्यय, 'गच्छन्' मधला. दोघांचं मूळ एकच. म्हणून ते 'करतो' नव्हे, 'करणारा' किंवा 'करत असलेला'. 'आद व्होलांदुम' हा हेतू सांगणारा प्रयोग आहे, मराठीत 'उडायला' म्हटलं की तो एका शब्दात बसतो. 'व्होकारे' म्हणजे हाक मारणं, ते संस्कृत 'वाच्'च्या नात्यातलं. 'प्रो' लागला की हाक मारून पुढे, बाहेर बोलावणं. लॅटिनला आधी मनात मराठीत आणा, विभक्ती जागेवर बसल्या की मग इंग्रजीकडे वळा. थेट इंग्रजीत शिरलं की इंग्रजीतले लॅटिनसारखे दिसणारे शब्द आधी हाताला लागतात आणि तेच नेमके चुकीचे असतात.

'प्रोव्होक' तसाच. आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ चिथावणं, डिवचणं असा झाला आहे. एखाद्या शिक्षणसंस्थेच्या दारावर तो शोभणार नाही, आणि जेरोमच्या मनातही तो नव्हता. मग काय घ्यावं? 'इन्व्हायटिंग टु फ्लाय' सौम्य आहे, पण इंग्रजीत 'इन्व्हायटिंग' हे विशेषणही असल्याने 'मोहक' असा अर्थ डोकावतो. 'कॉलिंग टु फ्लाय' मूळ क्रियापदाला सगळ्यात जवळचं, पण 'कॉलिंग' म्हटलं की इंग्रजी वाचकाला ते नाम वाटतं, जीवनध्येय या अर्थाचं. 'राउझिंग टु फ्लाइट' ऐकायला भारदस्त, पण 'फ्लाइट' म्हणजे पलायनही. पाखरांना उडवून लावल्यासारखं ते वाचलं जाईल. 'चॅलेंजिंग' मध्ये आव्हान आहे, आईची हाक नाही.

खरी अडचण अशी की बोधवाक्यात कर्म गाळलेलं आहे. ओवीत 'पिल्लांना' असा शब्द आहे, वाक्य उचलताना तो मागे राहिला. लॅटिनला हे चालतं, इंग्रजीला सहसा कर्म लागतं. भाषणात किंवा लेखात वापरायचं असेल तर मी 'अर्जिंग हर यंग टु फ्लाय' असं म्हणेन, पिल्लं परत आणून. लॅटिन 'आक्विला' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, डुए-ऱ्हेम्सनेही पिल्लं 'तिची' केली आहेत, तेव्हा 'हर' म्हणायला आधार आहे. बिल्ल्यावर तीनच शब्द मावत असतील तर 'अर्जिंग टु फ्लाय'. 'अर्ज'मध्ये आग्रह आहे, डिवचणं नाही, आणि मागून हलकेच ढकलणंही आहे. कुणाला यापेक्षा चांगलं सुचेल. पण जे सुचेल त्याने वरचे सगळे शब्द एकेक करून तपासलेले असावेत.

हीच सवय इतर ओळखीच्या शब्दांनाही लावा. स्तोत्रांमध्ये 'कॉन्फितेमिनी' आलं की ते 'कन्फेस' नव्हे. तिथे देवाची स्तुती करा, त्याचे आभार माना असं म्हटलेलं असतं. 'व्हिर्तुस' नेहमीच 'व्हर्च्यू' नसतं. लूकच्या पहिल्या अध्यायात ते परात्पराचं सामर्थ्य आहे, म्हणजे इंग्रजीत 'पॉवर'. 'सालुस' म्हणजे तारण, रोजच्या व्यवहारातल्या लॅटिनमध्ये आरोग्यही. आणि ऑक्सफर्डच्या वाक्यात 'इल्युमिनात्सिओ' आहे म्हणून 'इल्युमिनेशन' लिहू नका. लॅटिनवरून काम करणाऱ्या डुए-ऱ्हेम्सनेही तिथे साधं 'लाइट' ठेवलं, आणि तेच बरोबर. यासाठी चांगला कोश लागतो. लुइस आणि शॉर्ट यांचा 1879 चा लॅटिन-इंग्रजी कोश जुना असला तरी इंटरनेटवर फुकट आहे आणि ख्रिस्ती लेखकांचे अर्थही देतो. भाषांतर करून देणारी अॅप पहिल्या अंदाजाला ठीक आहेत. पण वाक्य बायबलमधलं आहे असं ओळखून ती किंग जेम्समधली ओळ पुढे करू शकतात, आणि ती वाचायला इतकी सुरेख असते की ती आपल्या लॅटिनची नव्हेच हे लक्षात येत नाही.

क्रियापद नसलेली वाक्यंही पुष्कळ असतात. जुन्या गोव्यात थिएटाइन संघाच्या इटालियन धर्मगुरूंनी बांधलेलं, रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवरचं सेंट काजेतान चर्च आहे; ते 1661 मध्ये पुरं झालं. तिथे 'दोमुस मेआ दोमुस ओरात्सिओनिस' असं कोरलेलं आहे. शब्दशः 'माझं घर प्रार्थनेचं घर'. मराठीला क्रियापदाची गरजच वाटत नाही, वाक्य पुरं वाटतं. इंग्रजीत मात्र काही तरी घालावं लागतं, आणि काय घालायचं हे ओवी सांगते. यशयाच्या 56व्या अध्यायात 'म्हटलं जाईल' असं क्रियापद आहे. येशू मंदिरातल्या व्यापाऱ्यांना बाहेर काढताना हेच वचन सांगतो, तेव्हा मत्तय आणि मार्क 'म्हटलं जाईल' ठेवतात. लूकच्या लॅटिनमध्ये मात्र नुसतं 'आहे' आहे. भिंतीवर दोन्हींपैकी काहीच नाही. अशा वेळी 'इज' घालावं, कारण ते सगळ्यात कमी भर घालतं. 'शॅल बी कॉल्ड' घातलं तर आपण भिंतीवरचं वाक्य नव्हे, मत्तयाचं वाक्य लिहीत असतो.

मग 'अ' की 'द'? लॅटिनला उपपदं नाहीत, मराठीलाही नाहीत, म्हणून मराठी माणसाचा हात इथे नेमका अडखळतो. किंग जेम्सने यशयामध्ये 'अॅन' घेतलं आणि मत्तयामध्ये 'द'; म्हणजे जाणत्यांचंही एकमत नव्हतं. 'द' म्हटलं की प्रार्थनेचं एकमेव घर असा ध्वनी येतो. चर्चच्या माहितीफलकावर मी 'अ हाउस ऑफ प्रेअर' लिहीन. आत येणाऱ्याला ते वाक्य निमंत्रण वाटलं पाहिजे, आणि यशयाच्या ओवीत पुढे सगळ्या राष्ट्रांचा उल्लेख आहेच.

विभक्तीचं महत्त्व सगळ्यात चांगलं दिसतं ते नाताळच्या शुभेच्छापत्रांवरच्या वाक्यात. लूक 2:14, देवदूतांचं गाणं. लॅटिनमध्ये शांती कुणाला? 'होमिनिबुस बोने व्होलुन्तातिस'. 'होमिनिबुस' मधला '-बुस' संस्कृतच्या '-भ्यः'चा सख्खा भाऊ, म्हणजे चतुर्थी अनेकवचन: माणसांना. 'बोने व्होलुन्तातिस' षष्ठी: सदिच्छेच्या. म्हणजे सदिच्छेच्या माणसांना शांती. इंग्रजी शुभेच्छापत्रांवर मात्र बऱ्याचदा शांती आणि माणसांबद्दल सदिच्छा अशा दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या दिसतात. ते किंग जेम्सच्या वाटेने आलेलं आहे. त्याच्या समोरच्या ग्रीक पाठात 'सदिच्छा' हा शब्द प्रथमेत होता, जेरोमच्या समोर होता तो षष्ठीतला. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांतही षष्ठीच मिळते. फरक ग्रीकमधल्या एका अक्षराचा. या एका अक्षराने शांती सगळ्यांवर पसरते किंवा विशिष्ट माणसांपाशी थांबते.

ही सदिच्छा कुणाची, माणसांची की देवाची? आजचे बरेच इंग्रजी अनुवादक ग्रीकच्या आधाराने ती देवाची मानतात, देवाची कृपा ज्यांच्यावर आहे अशी माणसं. लॅटिन हे उघड करत नाही. तेव्हा लॅटिनवरून करणाऱ्यानेही उघड करू नये. 'ऑफ गुड विल' म्हणावं आणि दोन्ही वाटा मोकळ्या ठेवाव्यात. 'होमो' म्हणजे मनुष्य; पुरुषाला लॅटिनमध्ये 'व्हिर' हा वेगळा शब्द आहे. म्हणून डुए-ऱ्हेम्समधलं 'मेन' त्या काळी चाललं तरी आज 'पीपल' जास्त अचूक आहे, आणि 2011 च्या इंग्रजी मिसाने तेच घेतलं. त्याआधी सुमारे चार दशकं चर्चमध्ये म्हटल्या गेलेल्या इंग्रजी पाठात हा भाग सैल करून 'त्याच्या लोकांना' असा केलेला होता. वसई, मुंबई, गोव्यातले इंग्रजी मिसाला जाणारे लोक दोन्ही पाठ ओळखतात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी जुना पाठ अजून येत असेल तर ती चूक नव्हे, ते भाषांतर वेगळं होतं.

आता छापण्याचं. भाषांतर कुणासाठी आहे यावर त्याचा पोत ठरवा. थडग्यावरच्या वाक्यासाठी, प्रार्थनासभेसाठी जुन्या वळणाचं इंग्रजी शोभतं. 'दाय' आणि 'दाउ' चालतील. शाळेच्या संकेतस्थळावर ते नको, पोरं तिथेच अडतील. लॅटिन वाक्य आहे तसं, आहे त्या वर्णलेखनासह वर द्या, खाली इंग्रजी, त्याखाली बारीक अक्षरात पुस्तक, अध्याय, ओवी आणि 'व्हल्गेटनुसार' हा शब्द. शिळेवर चूक असली तरी लॅटिन सुधारून छापू नका. हवं तर दुरुस्ती टिपेत सांगा. हिब्रू किंवा ग्रीक वेगळं काही म्हणत असेल तर तेही टिपेत, भाषांतरात मिसळू नका. झेवियर्सच्या वाक्याखाली 'हिब्रूत येथे घरटे' एवढी एक ओळ पुरते. मुद्रित तपासताना शेवटचे प्रत्यय अक्षर-अक्षर लावून वाचा, कारण संगणकाचा शब्दतपासनीस लॅटिन शब्दाला इंग्रजी समजून गुपचूप बदलतो, आणि 'व्होलांदुम' मधलं एक अक्षर गेलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. शक्य असेल तर छापण्याआधी एकदा जवळच्या सेमिनरीतल्या किंवा पॅरिशमधल्या, लॅटिन शिकलेल्या फादरना दाखवा. असे फादर बहुधा ज्येष्ठ असतात आणि आनंदाने वेळ देतात. जाताना शिळेचा स्वच्छ फोटो घेऊन जा, नुसता कागदावर उतरवलेला मजकूर नको.